स्टीअरिंग मध्याकडे ओढतं, गाडी भलतीकडे जाते: सिडकोतल्या एका ड्रिफ्ट सेटअपचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती. "काका, गाडी आडवी होते तोवर सगळं बरोबर, पण उलटं स्टीअरिंग मारलं की ते अर्ध्यातच अडतं आणि गाडी गोल फिरते."

तक्रार करणारा मुलगा पंचविशीतला, नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मशीनवर. घर सिडकोत, पवननगरच्या बाजूला. सेकंड शिफ्ट सुटली की घरी येऊन जेवतो आणि असेटो कोर्सा हा गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम लावतो. रेस, लॅप टाइम यात त्याला रस नाही. त्याला फक्त ड्रिफ्ट करायचं असतं, म्हणजे मागची चाकं घसरवत गाडी वळणात आडवी चालवायची असते. माझं काम व्हील अलाइनमेंटचं. घरी मीही स्टीअरिंग व्हील लावून हाच गेम खेळतो, म्हणून त्याच्या मामानं त्याला माझ्याकडे पाठवलं.

त्याच्याकडचं सामान चांगलं होतं. लॉजिटेक जी-२९ हे आत मोटर असलेलं गेमचं स्टीअरिंग व्हील, सेकंडहँड पण नीट वापरलेलं. यूएसबीवर चालणारा हँडब्रेक. कॉम्प्युटर साधा, तरी हा गेम सुरळीत चालवणारा. व्हील प्लायच्या अभ्यासाच्या टेबलाला क्लॅम्प केलेलं. गाडी म्हणून तो गेमबरोबर येणारी बीएमडब्ल्यू एम-३ ई-३० ड्रिफ्ट वापरत होता आणि सराव त्याच गेममधल्या छोट्या ड्रिफ्ट ट्रॅकवर. निवड उत्तम. शिकणाऱ्यानं सुरुवातीलाच दहा ठिकाणच्या मॉड गाड्या (बाहेरच्या लोकांनी गेमसाठी बनवलेल्या) उतरवल्या की कुठला दोष गाडीचा आणि कुठला व्हीलचा, हेच कळेनासं होतं.

ही तक्रार मला ओळखीची वाटली, कारण दुकानात तिचं भावंड रोज येतं: "वळण घेतल्यावर स्टीअरिंग परत येत नाही." कधी पॉवर स्टीअरिंगचा दोष असतो, कधी बॉल जॉइंट जाम असतो, कधी अपघातात मार लागून कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या आसाचा पुढे-मागे असलेला कल, बिघडलेला असतो. टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर झुकलेलं असणं) गिऱ्हाइकाला माहीत असतात, कारण ते टायर खातात. कॅस्टर टायर फारसा खात नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही. ड्रिफ्टमध्ये मात्र सगळा खेळ त्याचाच.

मागची चाकं सुटली की गाडीचं नाक एकीकडे आणि गाडीचा प्रवास दुसरीकडे, अशी स्थिती होते. डाव्या वळणावर मागची बाजू उजवीकडे बाहेर पडली असं समजा. नाक वळणाच्या आत, डावीकडे गेलेलं. पण गाडी अजून नाकाच्या उजव्या अंगाला चाललेली. पुढच्या टायरांना त्या चालण्याच्या दिशेकडे वळायचं असतं. कॅस्टरमुळे टायर जमिनीला जिथे टेकतो ती जागा स्टीअरिंगच्या आसाच्या मागे पडते, त्यामुळे रस्त्याचा आडवा रेटा चाकाला प्रवासाच्या दिशेला फिरवतो. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक ढकलाल त्या दिशेला आपोआप वळतं, तसंच हे. टायरचं रबरही यात हातभार लावतं, पण घसरण थोडी असेपर्यंतच. घसरणीचा कोन वाढत गेला की रबराकडून येणारा पीळ, म्हणजे चाक फिरवणारा जोर, झपाट्यानं कमी होतो आणि पकड संपायच्या सुमाराला जवळजवळ नाहीसा होतो. उरतो तो कॅस्टरचा पीळ.

याचा अर्थ असा की ड्रिफ्टमध्ये स्टीअरिंगला निवांत बसायची एक जागा असते आणि ती मध्यावर नसते. डाव्या ड्रिफ्टमध्ये ती उजवीकडे अर्धा-पाऊण फेरा गेल्यावर सापडते. कोन वाढला की ती आणखी पुढे सरकते, गाडी सरळ होऊ लागली की मागे येते. खरी ड्रिफ्ट गाडी चालवणारा माणूस उलटं स्टीअरिंग जोर लावून फिरवत नाही. तो पकड सैल करतो, चाक हातातून सरकू देतो आणि पीळ विरला की तिथे धरतो. घरच्या व्हीलवर हेच मिळवायचं असेल, तर मोटरनं त्या सरकत्या जागेकडेच ओढलं पाहिजे. दुसऱ्या कुठल्याही जागेकडे ओढणारी प्रत्येक गोष्ट काढून टाकायची. या प्रकरणात मी जे केलं ते सगळं या एका विचारातून केलं.

पहिली तपासणी हात न लावता केली. व्हीलच्या बरोबर वरच्या टोकाला, घड्याळात बारा असतात तिथे, पिवळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. त्याला म्हटलं, "दुसऱ्या गिअरमध्ये डावीकडे छोटा गोल घे, क्लच किक मार, मागची बाजू निघाली की दोन्ही हात मांडीवर ठेव." क्लच किक म्हणजे क्लच झटक्यात दाबून सोडणं, त्यानं मागची चाकं सुटतात. त्यानं तसं केलं. टेप उजवीकडे गेली, दोनच्या काट्यापर्यंत पोचली आणि तिथेच थरथरत राहिली. गाडी भोवऱ्यासारखी फिरून थांबली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा दोनच्या काट्यावर. उजवा गोल घेतला, तर टेप दहाच्या काट्यावर अडली. दोन्ही बाजूंना सारख्याच ठिकाणी अडणं हा मोठा धागा होता. गिअरमध्ये कचरा किंवा घासलेला भाग असता, तर दोन्ही बाजूंना इतकं सारखं अडलं नसतं. दोन ओढी एकमेकींशी झगडत होत्या आणि त्यांची बरोबरी तिथे होत होती.

दुसरी ओढ सॉफ्टवेअरमध्ये सापडली. तो लॉजिटेकचं जुनं गेमिंग सॉफ्टवेअर वापरत होता. त्यात सेंटरिंग स्प्रिंगच्या चौकोनात टिक होती आणि पट्टी अर्ध्याच्या वर सरकवलेली. कुठल्याशा व्हिडिओत "व्हील जड वाटतं" म्हणून हे करायला सांगितलं होतं. जड वाटतं हे खरं आहे. पण ही स्प्रिंग टायर काय करतोय ते पाहत नाही, ती फक्त स्टीअरिंगच्या मध्याकडे ओढते. सरळ रस्त्यावर मध्य आणि टायरची निवांत जागा एकच असल्यामुळे काही बिघडत नाही, उलट गाडी स्थिर वाटते. ड्रिफ्ट सुरू झालं की त्या दोन जागा वेगळ्या होतात आणि स्प्रिंग अगदी हव्या त्या क्षणी विरोधात जाते.

टिक काढली. स्प्रिंग इफेक्ट आणि डँपर इफेक्ट या दोन्ही पट्ट्या शून्यावर आणल्या, एकूण ताकद १०० टक्क्यांवर ठेवली. असेटो कोर्सा टायरचा पीळ वेगळ्या प्रकारच्या आज्ञेनं पाठवतो, त्यामुळे या पट्ट्या शून्य केल्यानं टायरकडून येणारं काही कमी होत नाही. पुन्हा तीच हात सोडून चाचणी. टेप दोन ओलांडून थेट तीनच्या काट्याखाली गेली आणि गाडी अर्धा गोल स्वतःच्या तोलावर आडवी चालली. तो खुर्चीतून उठलाच. आपण धरलेलं नसताना व्हील स्वतःहून उलटं फिरताना पाहणं, ही माणसाला पटवणारी गोष्ट आहे. त्यापुढे माझं कॅस्टरवरचं बोलणं काहीच नाही.

पण काम अर्धंच झालं होतं. गाडी आता पकडली जात होती, मात्र पकडल्यावर व्हील हव्या त्या जागेवर थांबायच्या ऐवजी पुढे निघून जायचं, मग उलटा झटका, मग गाडी दुसऱ्या बाजूला आडवी. ही जोराची गोष्ट होती.

गेममधला फोर्स फीडबॅकचा, म्हणजे मोटर हाताला जो जोर देते त्याचा, गेन (पातळी) १०० वर होता. त्यावर ई-३०साठीचा वेगळा गेन त्यानं अंकांच्या पॅडवरचं अधिकचं बटण दाबून १४० पर्यंत नेला होता. जी-२९ची मोटर साधारण दोन न्यूटन-मीटरच्या आसपास जोर देते, त्यापलीकडे ती देऊच शकत नाही. गेमनं त्याच्या दीडपट मागितलं तरी हाताला तेवढंच मिळतं आणि जास्तीचं कापलं जातं. यालाच क्लिपिंग म्हणतात. असेटो कोर्सात पेडल्स नावाचं छोटं अ‍ॅप आहे, त्यात क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटरच्या शेजारी फोर्स फीडबॅकचीही पट्टी असते. क्लिपिंग झालं की ती लाल होते. त्याची पट्टी ड्रिफ्ट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत लालच. म्हणजे मोटर एक तर पूर्ण जोरात डावीकडे, नाहीतर पूर्ण जोरात उजवीकडे. पीळ हळूहळू विरत जाऊन निवांत जागा आली हे हाताला सांगणारा जो उतार असतो, तोच कापला गेला होता. उतार नसेल तर चाक कुठे धरायचं हे कळणार कसं?

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. रेसिंगसाठी लोक सांगतात की पट्टी कधीच लाल होऊ देऊ नका. ड्रिफ्टसाठी, तेही कमी ताकदीच्या व्हीलवर, मी तितका कडक राहत नाही. जास्त जोर असला की मोटर व्हीलला लवकर वेग देते आणि उलटं फिरताना तो वेग लागतोच. म्हणून बाजू बदलताना क्षणभर पट्टी लाल झाली तर चालेल. एका कोनात स्थिर आडवं चालत असताना मात्र ती लाल नको. या हिशेबानं त्याच्या गाडीचा गेन उतरवत आणला आणि ९५ वर स्थिरावलो. सगळ्या खेळाचा गेन ९० केला, फिल्टर शून्य. फिल्टर पीळ गुळगुळीत करतो, पण त्याबरोबर उशीरही आणतो. एरवी तो उशीर कळतही नाही. ड्रिफ्टच्या पलटीत, म्हणजे बाजू बदलताना, कळतो.

कर्ब, रोड आणि स्लिप या नावाच्या पट्ट्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्या बनावट थरथर घालतात, टायरच्या पिळाशी त्यांचा संबंध नाही. स्लिप शून्य केली, बाकी दोन अगदी थोड्या ठेवल्या. एन्हान्स्ड अंडरस्टीअर हा पर्याय बंद. कस्टम शेडर्स पॅच या गेमच्या बाहेरच्या जोडणीतला जायरोचा पर्यायही बंदच ठेवला. त्याची खरी गरज ताकदवान व्हील सरळ रस्त्यावर डावं-उजवं नाचू लागतं तिथे.

किमान जोर ही पट्टी मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. जी-२९च्या आत मोटर आणि स्टीअरिंगच्या मधे गिअर आहेत. गिअरला घर्षण असतं, त्यामुळे गेमनं अगदी थोडा पीळ मागितला तर मोटर ढिम्म राहते. ड्रिफ्टमध्ये निवांत जागेजवळ पीळ थोडाच असतो, म्हणजे नेमकं तिथेच व्हील मुकं होतं. किमान जोर वाढवला की गेमची अगदी छोटी मागणीही घर्षण ओलांडण्याइतकी केली जाते. ही पट्टी त्याच्याकडे शून्यावर होती. एकेक टक्का वर नेली. सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर व्हील स्वतःहून डावं-उजवं टकटक करू लागलं, तिथून किंचित खाली आणली: १२ टक्के. दुसऱ्याच्या जी-२९ला हा आकडा ९ असेल किंवा १५. गिअर किती झिजलेत त्यावर ते ठरतं. ज्यांना आणखी बारकाईनं करायचं असेल त्यांनी व्हीलचेक हे मोफत साधन चालवून मोटरचा आलेख काढावा आणि त्यावरून मोटरची दुरुस्ती सांगणारी लट (एलयूटी) फाइल बनवून गेमला द्यावी. तसं केलं तर किमान जोर पुन्हा शून्य करायचा, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा होते.

यानंतर फिरण्याचा कोन. ९०० अंश म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे. खऱ्या प्रवासी गाडीच्या जवळ जाणारा हा आकडा, पण गिअरवालं छोटं व्हील अडीच फेऱ्यांचं अंतर ड्रिफ्टच्या वेगानं कापू शकत नाही. मोटरचा वेगच कमी पडतो. ड्रिफ्टच्या खऱ्या गाड्यांतही लवकर वळणारा स्टीअरिंग रॅक बसवतात आणि अँगल किट लावून पुढची चाकं ६० अंशांच्या आसपास वळवतात. म्हणून घरी कोन कमी केला तर ती फसवणूक होत नाही. मुलानं आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून ३६० करून पाहिलं होतं आणि गाडी शिंकेलाही वळते म्हणून सोडून दिलं होतं. आम्ही ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये ७२० ठेवले आणि गेममध्ये आकडा ९००च राहू दिला. त्यामुळे गाडीचं पूर्ण वळण कमी फेऱ्यांत मावलं. टेप आता निवांत जागेवर आधीपेक्षा लवकर पोचू लागली आणि पुढे निघून जाणंही कमी झालं. ५४० वरही पाहिलं. त्याला ते आवडलं, मला नाही, कारण त्यात बोटभर चुकीला गाडी फार उत्तर देते. तो सध्या ७२० वर आहे.

या सगळ्यात टेबलाचा दोष मधेच सापडला. बाजू बदलताना मला कट् असा आवाज यायचा. व्हीलच्या बुडाशी बोट लावून धरलं, तर बूड आणि प्लाय यांच्यामध्ये नखभर फट उघडत होती, मिटत होती. मोटर फिरवते तेव्हा व्हील जितकं फिरायला हवं, त्यातला काही भाग टेबल वाकण्यात जात होता. प्लायच्या खाली लाकडाची जाड पट्टी देऊन क्लॅम्पऐवजी व्हीलच्या बुडाच्या भोकांतून बोल्ट टाकले, पुढचे पाय भिंतीला टेकवले. खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि किमान जोराचा आकडा आम्हाला त्यानंतर पुन्हा थोडा खाली आणता आला: १२ वरून १०.

त्याच्या आईचीही तक्रार होती, आणि ती मला मुलाच्या तक्रारीइतकीच महत्त्वाची वाटते. "भाऊ, रात्री याची ती कडकड भिंतीतून येते हो. सासूबाईंना झोप लागत नाही." गिअरवाल्या व्हीलचा आवाज हवेतून कमी आणि टेबलातून जास्त जातो. टेबलाच्या पायांखाली रबरी पॅड दिले. भिंतीला टेकवलेल्या पायांमध्येही रबर घातलं. कर्ब आणि रोडच्या पट्ट्या उतरवल्यानं अर्धी कडकड आधीच गेली होती. स्प्रिंगशी झगडताना मोटर जी सतत थरथरायची तीही थांबली. आजीला आता झोप लागते, असं आई सांगतात.

एका रविवारी तो दुकानात आला. एका गिऱ्हाइकाची गाडी कॅस्टर मोजायला लिफ्टवर होती, पुढची चाकं टर्न प्लेटवर, म्हणजे चाकाखाली फिरणाऱ्या तबकड्यांवर. कॅस्टर मोजताना चाक एका बाजूला २० अंश, मग दुसऱ्या बाजूला २० अंश फिरवतात आणि मशीन त्या दोन ठिकाणच्या कॅम्बरमधल्या फरकावरून कॅस्टर काढतं. मी त्याला चाकाकडे खालून बघायला लावलं. स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की बाहेरच्या बाजूचं चाक वरून आत झुकतं, कॅस्टर जितका जास्त तितकं जास्त. ते झुकणं पाहिल्यावर त्याला गाडीच्या निवडीचा प्रश्नही सुटला. तो अधूनमधून गेममध्ये साध्या रस्त्यावरच्या गाड्या घेऊन ड्रिफ्टचा प्रयत्न करायचा आणि व्हील आळशी झालं म्हणून पुन्हा सेटिंग बदलायचा. ते व्हीलचं काम नाही. गाडी बनवणाऱ्यानं पुढची भूमिती जशी दिली असेल, तसंच व्हील स्वतःहून फिरणार. म्हणून एक गाडी, एक ट्रॅक ठरवून सेटिंग लावायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. दुसरी गाडी घेतली तर फक्त त्या गाडीचा गेन बदलायचा.

राहिले हात. इतके दिवस तो स्प्रिंगच्या विरुद्ध झगडत आला होता, त्यामुळे मुठी घट्ट आवळायची सवय लागली होती. आता व्हील मोकळं झालं तरी तो त्याला फिरू देत नव्हता. त्याला सांगितलं, की ड्रिफ्ट सुरू होताना अंगठे रिंगच्या बाहेर ठेव, तळव्याची घळ करून रिंग त्यातून जाऊ दे आणि पीळ मेला असं वाटलं की बोटं मीट. कोन कमी-जास्त करायचा तो अ‍ॅक्सिलरेटरनं. स्टीअरिंगनं कोन बनवायला गेलं की गाडी सरळ होते किंवा फिरते. हे डोक्याला लगेच पटतं, पण हातात यायला वेळ लागतो. डावा ड्रिफ्ट त्याला आता नीट धरता येतो. डावीकडून उजवीकडे पलटताना अजून तो एक क्षण लवकर धरतो, आणि मागची बाजू ओलांडून जायच्या आत गाडी सरळ होते. यात सेटिंगचा दोष नाही, ते मी त्याच्याच व्हीलवर त्याच्याच आकड्यांनी पलटी करून तपासलं.

नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर रॅली ऑफ महाराष्ट्र होत आलेली आहे. तो ती बघायला गेलेला आहे आणि मातीवर आडव्या जाणाऱ्या गाड्यांत हात कसे हलतात हे त्यानं जवळून पाहिलंय. खरा हात कसा असतो हे ज्यानं पाहिलंय त्याला गेममध्ये काय चुकतंय हे लवकर कळतं, म्हणून मी त्याला पुढच्या वेळी बघताना गाडीकडे कमी आणि काचेतून दिसणाऱ्या हातांकडे जास्त बघायला सांगितलंय.

शेवटी त्यानं विचारलं ते सगळेच विचारतात: डायरेक्ट ड्राइव्ह घेऊ का? मोझा आर-५ साडेपाच न्यूटन-मीटर देतं, फॅनटेक सीएसएल डीडी मूळ पॉवर सप्लायवर पाच आणि मोठ्या सप्लायवर आठ. त्यांत मधे गिअर किंवा पट्टा नसतो, रिंग थेट मोटरच्या आसावर बसते. त्यामुळे वर सांगितलेला किमान जोराचा खटाटोप जवळजवळ संपतो आणि व्हील खरंच ड्रिफ्टच्या वेगानं फिरतं. तिथे ९०० अंशही चालून जातात. फरक मोठा आहे, हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. पण त्याला एक गोष्ट आधी करायला सांगितली: त्याचं प्लायचं टेबल सोडून लोखंडी स्टँड बनवून घे. अंबडच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे चौकोनी पाइपचा स्टँड होतो. आज दोन न्यूटन-मीटरला जे टेबल नखभर उघडत होतं, ते आठला बोल्टसकट उखडेल. स्टँड झाल्यावर व्हीलचे पैसे जमेपर्यंत जी-२९ त्यावरच चालव. नवीन व्हील आलं की पहिल्या दिवशी ताकद अर्ध्यावर ठेवायची आणि रिंग फिरू देताना अंगठा आत जाणार नाही याची सवय आत्ताच लावून घ्यायची, कारण ती मोटर अंगठा मुरगाळू शकते.